घोषणा पुरे, आता हेल्मेटचा पट्टा लावायला शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रस्ता सुरक्षेचं अभियान म्हटलं की ठरलेलं असतं, बाइक रॅली, बॅनर, "घरी कुणीतरी वाट बघतंय" छाप वाक्यं, पाहुण्यांचं भाषण आणि शेवटी ग्रुप फोटो. माझा विरोध नाही याला, लोक वेळ काढून आणि मनापासून करतात. पण अशा रॅलीत एकदा फक्त हनुवटीखाली बघा. कितीतरी जणांचा पट्टा सुटा लोंबत असतो, काहींनी लावलेला असतो पण इतका सैल की आख्खी मूठ आत जाईल, आणि मागच्या सीटवरच्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर काहीच नसतं. हेल्मेट घाला एवढं लोकांपर्यंत पोचलंय, कसं घालायचं ते कुणी सांगितलेलंच नाही.

खरी गोम तिथेच आहे. अपघातात डोकं एकदाच आपटतं असं थोडंच असतं, आधी समोरच्या गाडीवर, मग रस्त्यावर, मग कधी दुभाजकावर. पट्टा सुटा असेल तर पहिल्याच हिसक्यात हेल्मेट उडून जातं आणि पुढचा सगळा मार उघड्या डोक्यावर बसतो. साइजचंही तसंच. डोक्यात हेल्मेट घालून ते हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवून बघायचं, गालाची कातडी पॅडबरोबर हलली पाहिजे, पॅड गालावरून नुसतंच घसरत असेल तर हेल्मेट मोठं होतंय. मग पट्टा आवळून मागच्या कडेला धरून वर आणि पुढे ओढायचं, निघून हातात आलं तर ते तुमच्या डोक्याचं नाहीच. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत, बस. मिनिटभराचं काम आहे हे सगळं, पण एवढं मिनिटभर कुणाला समोर बसवून दाखवलेलं मी अजून एकाही कार्यक्रमात पाहिलेलं नाही.

हेल्मेटच्या आत काय असतं हेही दाखवायला पाहिजे. बाहेरचं कवच कडक दिसतं म्हणून सगळ्यांना वाटतं तेच डोकं वाचवतं. खरं काम करतो तो आतला थर्माकोलसारखा जाड थर. डोकं आपटलं की तो चेपतो, त्याला चेपायला जो थोडासा वेळ लागतो तेवढ्यात डोक्याचा वेग जरा सावकाश कमी होतो आणि मेंदूला बसणारा धक्का हलका होतो. पण एकदा चेपला की तो परत फुगत नाही! म्हणून मोठा मार खाल्लेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत असलं तरी बदलायचंच. हे माहीत नसल्यामुळे लोक अपघातातलं हेल्मेट पुसून परत वापरतात, वर कुणाला तरी देऊनही टाकतात. एखादं जुनं हेल्मेट मधोमध कापून टेबलावर ठेवा ना, लोक हात लावून बघतील, दहा भाषणांनी होणार नाही ते काम होईल.

भीती दाखवून माणूस फार तर आठवडाभर बदलतो असं माझं मत आहे, कारण सांगितलं तर ते डोक्यात राहतं. १९३५ साली टी. ई. लॉरेन्स, म्हणजे पहिल्या महायुद्धात गाजलेला ब्रिटिश अधिकारी, तोच लॉरेन्स ऑफ अरेबिया, मोटरसायकलवरून पडून गेला, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे न्यूरोसर्जन होते. ते हळहळून थांबले नाहीत, मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा त्यांनी अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो छापून दाखवला, त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य लोकांसाठी मात्र ब्रिटनमध्ये सक्ती यायला १९७३ उजाडलं, मधल्या काळात किती जीव गेले असतील विचार करा. आता तर पुरावा भरपूर आहे, जगभरचे अभ्यास एकत्र करून २००८ साली जो आढावा आला त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. बॅनरवर रक्ताचे डाग काढण्यापेक्षा हे दोन आकडे मोठ्या अक्षरात लिहा की.

दुसरं म्हणजे आपली सगळी अभियानं गळ्याच्या वरच थांबतात. पडताना माणूस आपोआप हात पुढे करतो, ते थांबवता येत नाही, म्हणून तळहात आणि मनगट आधी जातं. तळहाताची कातडी सोलवटली की कितीतरी दिवस साधी बादली उचलता येत नाही, शर्टाचं बटण लावता येत नाही. चांगल्या ग्लोव्हजना तळव्याच्या बुडाशी कडक गुळगुळीत तुकडा असतो, तो अशासाठी की हात रस्त्याला अडकून मुरगळण्याऐवजी घसरत जावा. साधी जीन्स डांबरावर घासली तर क्षणात फाटते हे कुणी सांगतच नाही, जाड कापड आहे म्हणून लोक निर्धास्त. जॅकेटच्या खांद्याला, कोपराला जे आर्मर, म्हणजे मार झेलणारं पॅड, असतं ते जॅकेट ढगळ असेल तर पडताना जागेवरून सरकतं, मग असून नसून सारखंच. युरोपात रायडिंगच्या कपड्यांना एएए, एए, ए अशा श्रेणी असतात, एएए सगळ्यात मजबूत, अशी लेबलं वाचायची कशी हेसुद्धा शिकवण्यासारखं आहे. उन्हाळ्यात उकडतं ही तक्रार खरी आहे, मी पण रोज बाइकवरच असतो, पण जाळीची जॅकेटं त्यासाठीच असतात, आत वारा खेळतो. सगळं एकदम घेणं प्रत्येकाला जमत नाही तर क्रम तरी सांगा, आधी पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, मग ग्लोव्हज, मग घोट्याच्या वर जाणारे बूट, मग जॅकेट. पूर्ण चेहऱ्याचं म्हणतोय त्याला कारण आहे, जर्मनीत अपघातातल्या हेल्मेटांचा अभ्यास झाला त्यात जवळपास एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागात बसलेला दिसला आणि अर्ध्या हेल्मेटला तो भागच नसतो.

रंगाचं एक राहिलं. न्यूझीलंडमधल्या २००४ च्या अभ्यासात चमकणारे किंवा रिफ्लेक्टिव्ह कपडे घालणाऱ्यांना अपघातात जखमी होण्याचा धोका ३७ टक्क्यांनी कमी निघाला, काळ्या हेल्मेटपेक्षा पांढऱ्याचा २४ टक्क्यांनी कमी. आणि दुकानात बघावं तर काळ्याशिवाय काही दिसत नाही.

मागे बसणाऱ्याबद्दल तर किती बोलावं. गाडीचा वेग दोघांनाही तोच, रस्ताही तोच, मग एकाच्या डोक्यावर हेल्मेट आणि दुसऱ्याच्या हातात पिशवी असं का? लहान मुलांना मोठ्यांचं हेल्मेट घालून बसवतात, ते त्या कोवळ्या मानेवर डुगडुगत असतं, जीव कळवळतो बघून. आणखी एक गोष्ट शिकवाच, अपघात झाल्यावर धावून येणारे लोक आधी हेल्मेट खेचून काढायला बघतात. मानेला इजा असेल तर त्यानेच जास्त नुकसान होऊ शकतं. श्वास नीट चालू असेल तर काच वर करा, मान हलू देऊ नका आणि ॲम्ब्युलन्सची वाट बघा, श्वास अडकत असेल तरच काढा आणि तेही दोघांनी, एकाने मान आणि हनुवटी खालून धरून ठेवायची, दुसऱ्याने हेल्मेट हळूहळू सरकवायचं.

आयोजकांना एवढीच विनंती आहे की पुढच्या कार्यक्रमात व्यासपीठ छोटं करा आणि एक टेबल मोठं ठेवा. लोकांना म्हणा आपापलं हेल्मेट घेऊन या, घालून दाखवा, आम्ही तपासून देतो, मागे बसणाऱ्यालाही बरोबर आणा. आणि तुमच्या पेपरलाही विनंती, अपघाताच्या बातमीशेजारी चेंदामेंदा झालेल्या गाडीचा फोटो छापता त्याऐवजी कधीतरी दोन कड्यांच्या बकलमधून पट्टा कसा ओवायचा त्याचं साधं चित्र छापा, दोन्ही कड्यांतून आत आणि एकीवरून परत वळवून दुसरीतून मागे. अनेकांच्या हेल्मेटला ते बकल आहे आणि ओवता येत नाही म्हणून पट्टा नुसता लोंबतोय.

आपला,
एक नियमित वाचक