दिनक्रमाचा तक्ता मुलाच्या उंचीवर हवा

महोदय,

चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी हौसेने केलेले दिनक्रमाचे तक्ते आठवडाभरात निकामी होतात, कारण ते मोठ्यांच्या उंचीवर टांगलेले असतात आणि त्यांत दिवसभराची कामे कोंबलेली असतात. फक्त सकाळची ५ कामे घ्या: दात, अंघोळ, कपडे, नाश्ता, दप्तर. प्रत्येकाची वेगळी पुठ्ठ्याची पट्टी करा. वर चित्र, खाली ठळक अक्षरांत एकच शब्द. घड्याळाची वेळ नको. या वयात क्रम उमगतो, ‘सव्वासात’ नाही. काम झाले की पट्टी मुलानेच उलटवायची. आपण उलटवली, की तक्ता आपला होतो! ‘आता काय करू?’ असे विचारले तर सांगू नका, नुसते तक्त्याकडे बोट दाखवा. शब्द ओळखू लागल्यावर एकेक चित्र झाका. सुट्टी किंवा पाहुणे असतील तर आदल्या रात्रीच मुलासमोर पट्टी बदला.

– एक बालवाडी शिक्षिका