पहिलं पान दोघांसाठी

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, हे पान बाबा तुला वाचून दाखवतील. मी तुझी थोरली लेक. तू माझ्या वह्यांना कव्हरं घालायचीस, आणि कडा अशा दाबून दुमडायचीस की वर्ष संपलं तरी एकही सुटायची नाही. मागच्या खेपेला तू टॉवेलांच्या घड्या घालत होतीस, तेव्हा तुझा अंगठा कडेवरून अगदी तसाच फिरत होता. मी बघत बसले होते. शुक्रवारी येते आहे. वार लक्षात ठेवायची काही गरज नाही. आपण दोघी मिळून घड्या घालू.

बाबा, इथून पुढचं तुम्ही एकट्यानं वाचा, ती झोपल्यावर.

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "४३ वर्षं संसार केला आणि आज ती मला विचारते, त्या बाईला भेटून आलात का?" त्यानंतर तुम्ही बराच वेळ काही बोललाच नाहीत. तेव्हापासून मला चैन नाही.

आईला झालेल्या या अल्झायमरच्या आजाराला ज्यांचं नाव आहे, त्या डॉ. आलोइस अल्झायमरांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईंना तपासलं. १९०६ मध्ये त्या गेल्या. त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून डॉक्टरांनी त्याच वर्षी हा आजार इतर डॉक्टरांपुढे मांडला. १९०७ च्या त्यांच्या टिपणात सगळ्यात आधी दिसलेलं लक्षण कोणतं नोंदवलंय, माहीत आहे? नवऱ्याविषयीचा संशय. विसरण्याचं नंतर येतं. हे वाचलं तेव्हा मला आधी तुमचाच चेहरा आठवला. सव्वाशे वर्षांपूर्वी कुठल्याशा घरात एक नवरा हेच ऐकत होता. तुम्ही कसे वागलात, तिला काय कमी केलंत, याचा आईच्या त्या वाक्याशी काडीचाही संबंध नाही.

मला समजलं ते असं. नवी आठवण मेंदूत रुजवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, आणि अल्झायमरमध्ये तो फार लवकर झिजतो. तुम्ही सांगून बाहेर जाता, पण ते सांगणं तिच्याजवळ टिकतच नाही. तिच्यापुरतं एवढंच खरं असतं की घरात कुणी नाही आणि भीती वाटते आहे. त्या भीतीला काहीतरी कारण हवं असतं, ते मेंदू जुळवतो. तेव्हा पुरावे देत बसू नका, बाबा. "मी आलोय, आता कुठे जात नाही," एवढंच म्हणा आणि जवळ बसा.

गेलेल्या आजीविषयीही तसंच. "आई कुठे आहे?" असं आपल्या आईनं विचारलं की आजी गेली हे तुम्ही दर वेळी खरं सांगता, कारण आयुष्यभर तिच्याशी खोटं बोलला नाहीत. पण ती दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकते आणि नव्यानं रडते. "तुझ्या आईची आठवण येते का? कशी होती गं ती?" असं विचारून बघा. यात खोटं काही नाही, आणि ती बोलू लागते. प्रसंग विसरला तरी त्यातून आलेलं दुःख किंवा बरं वाटणं मागे रेंगाळतं, हे अल्झायमरच्या रुग्णांवरच्या अभ्यासातही दिसलंय. म्हणजे तुम्ही दुपारी तिच्याजवळ शांतपणे बसलात ते वाया जात नाही, संध्याकाळी तिला त्यातलं काही आठवलं नाही तरी.

यात माझीही चूक आहे. मी येऊन तिच्यासमोर फोटो धरायचे आणि विचारायचे, ओळख बघू हा कोण? वाटायचं, मेंदूला व्यायाम होतोय. तिच्या चेहऱ्यावरची धडपड मला दिसत होती, तरी मी विचारत राहिले. आता मीच सांगते, "हा बघ दादा, केवढा उंच झालाय."

संध्याकाळी ती दाराशी जाऊन "घरी जायचंय" म्हणते, ते पुष्कळ रुग्णांमध्ये होतं. दिवसभराचा थकवा असतो, त्यात उजेड कमी झाला की आणखी गोंधळ उडतो. दिवे लवकर लावा, सकाळी तिला उन्हात बसवा. न्हाणीघरापुढचं काळं पायपुसणं मात्र आजच काढा. डोळे चांगले असले तरी दिसलेल्याचा अर्थ लावणारा मेंदू चुकतो, आणि काळा चौकोन खड्ड्यासारखा दिसू शकतो. ती तिथेच अडते, तुम्ही हात ओढता आणि मग भांडण होतं.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. हा आजार महिन्यामहिन्यांनी वाढतो. एक-दोन दिवसांत अचानक ती फार गोंधळली, गुंगीत गेली किंवा भलतंच दिसतंय म्हणाली, तर "आजार वाढला" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, एखादं नवं औषध, यांनीही तसं होतं आणि त्यावर उपाय असतो.

आता तुमच्याविषयी. तुम्हाला डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि यंत्र कपाटात पडून आहे. ती हळू बोलते, तुम्ही "काय?" म्हणून ओरडता, तिला वाटतं तुम्ही रागावलात. शिवाय लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणाऱ्या ज्या १४ टाळता येण्याजोग्या गोष्टी मोजल्या, त्यांत कमी ऐकू येणं आहे आणि रक्तदाबही आहे. तुमचीही मला काळजी वाटते, बाबा. गेल्या सहा महिन्यांत तुम्ही सलग एक रात्र झोपला नाहीत. दिवसा मदतीला बाई ठेवू म्हटलं की "मी आहे ना" म्हणता. आहातच. म्हणूनच तुम्ही टिकायला हवं. आंघोळ आणि कपडे बदलणं त्यांच्याकडे सोपवा. आईचा हात धरून फेऱ्या मारणं तुमच्याकडेच राहू द्या, ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

शुक्रवारी रात्री तुम्ही आतल्या खोलीत दार लावून झोपायचं. ती उठली तर मी आहे. "तुम्ही कोण?" म्हणाली तर सांगेन, तुमच्याजवळ बसायला आलेय.

तुमची,
थोरली