चि. ओंकारला, मेलबद्दल थोडं

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

जॉब पोर्टलवर रेझ्युमे टाकल्यापासून मेलचा नुसता पाऊस पडतोय म्हणालास, म्हणून हे लिहितेय. फोनवर सांगायला गेलं की तू "हो गं आई, माहितीये" म्हणून ठेवून देतोस. लिहिलेलं निदान वाचशील.

तुम्हा पोरांना वाटतं की फसतात ते म्हातारे नाहीतर अडाणी. तसं काही नसतं रे, आमच्या बँकेच्या काउंटरला रडवेल्या तोंडाने येतात त्यात इंजिनीयर असतात, प्राध्यापक असतात. माणूस ज्या मेलची वाट बघत असतो नेमका तोच मेल येतो ना, तिथे सगळी गोम आहे. जुलैत रिटर्न भरून झालं की "तुमचा रिफंड मंजूर झालाय, खातं व्हेरिफाय करा", राखीच्या आधी "पार्सलचा पत्ता अपूर्ण आहे", आणि तुमच्यासारख्यांना ऑफर लेटर. तू वाट बघतोयस हे त्यांना माहीतही नसतं, ते लाखो लोकांना एकच मेल पाठवतात आणि त्यातले काही जण वाट बघत असतातच.

ऑफर लेटरचं तर फार सफाईने करतात. मोठ्या आयटी कंपनीचा लोगो, एचआरची सही, जॉइनिंगची तारीख, आणि खाली हळूच "लॅपटॉपसाठी रिफंडेबल सिक्युरिटी डिपॉझिट, आज संध्याकाळपर्यंत". अरे, नोकरी देणारा पगार देतो, तुझ्याकडून पैसे कशाला मागेल? आणि एवढ्या मोठ्या कंपनीचा एचआर साध्या जीमेलवरून पत्र पाठवतो होय? पैसे मागितले की तिथेच सोडून द्यायचं, मग कंपनीचं नाव कितीही मोठं असो.

वर जे नाव दिसतं त्याच्यावर जाऊ नकोस, तिथे कोणीही काहीही टाकू शकतं. त्या नावावर टॅप करून खरा पत्ता बघ आणि तो शेवटाकडून वाच. "अमुकबँक.को.इन.हेल्पडेस्क.कॉम" असं असेल तर बँकेचा त्याच्याशी काही संबंध नाही, मालक तो शेवटचा हेल्पडेस्क.कॉमवाला. इंग्रजी आर आणि एन शेजारी शेजारी टाकले की मोबाइलवर सरळ एम दिसतो, तेही करतात. बँकांच्या वेबसाइटचं आता जरा सोपं झालंय, रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक.इनवर जायला सांगितलं होतं आणि ते डोमेन, म्हणजे पत्त्याचं ते शेवटचं नाव, बँकांशिवाय कोणाला मिळत नाही. तरी मेलमधल्या लिंकवरून बँकेत जायचंच नाही, ॲप उघडायचं. तू मला मागे जीमेलमधलं ते "शो ओरिजिनल" दाखवलं होतंस ना, एसपीएफ, डीकेआयएम (मेल कुठल्या डोमेनवरून आला त्याच्या तपासण्या) पास म्हणजे मेल खरा, असं म्हणून? पण चोराने स्वतःचं डोमेन घेतलं तर त्याचंही पास होतं की! पास म्हणजे मेल त्या डोमेनवरूनच आलाय एवढंच, ते डोमेन कोणाचं हे आपणच बघायचं.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवून आपोआप भरणारं ॲप, वापर. आळशीपणासाठी नाही, तो खोट्या साइटवर पासवर्ड आपोआप भरत नाही म्हणून. नेहमीच्या साइटवर भरला गेला नाही तर कॉपी-पेस्ट करत बसू नकोस, आधी पत्ता बघ. जीमेलला पासकी लाव (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने उघडायची सोय), ती खोट्या पानावर चालतच नाही. या मेलची काळजी जास्त कारण बाकी सगळ्यांचे "फरगॉट पासवर्ड" इथेच येऊन पडतात, हा गेला की सगळंच गेलं.

आणि कधी पासवर्ड टाकला गेलाच तर नुसता बदलून गप्प बसू नकोस. सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट कर, रिकव्हरी नंबर आपलाच आहे का बघ, आणि सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपास, कारण चोर जाताना तुझे मेल गुपचूप स्वतःकडे वळवून ठेवतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, आम्हाला सांगायच्या आधी, कारण लवकर कळवलं तर पैसे मधे कुठेतरी अडवता येतात. आम्ही ओरडणार नाही.

बाकी कचरा मेलचं म्हणशील तर पोर्टलसाठी वेगळा मेल काढ, नाहीतर जीमेलच्या पत्त्यात नावानंतर, @ च्या आधी प्लस टाकून "जॉब" लिही, मेल तुलाच येतो आणि पत्ता कोणी विकला तेही कळतं (काही साइट तो प्लस घेत नाहीत, वैताग आहे). ओळखीच्या कंपनीचे असतील तर जीमेलचं स्वतःचं अनसबस्क्राइब दाब, अनोळखी मेलमधलं मात्र दाबायचं नाही, त्यांना तेवढंच कळतं की इथे कोणीतरी वाचतंय. त्याला सरळ स्पॅम कर. पण स्पॅम फोल्डर अधूनमधून चाळ हं, तिथलं ३० दिवसांनी आपोआप उडतं आणि एखादा खरा इंटरव्ह्यू कॉल त्यातच पडलेला असायचा.

गणपतीला आलास की मामाच्या मेललाही टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावून दे, तो माझं ऐकत नाही.

बेसनाच्या लाडवांचं पार्सल आज पाठवलंय. पैसे इथेच पूर्ण भरलेत, त्यामुळे "डिलिव्हरीसाठी पाच रुपये भरा" असा मेल आला तर तो आपल्या लाडवांचा नाही.

तुझी
आई