भडकल दरवाजाच्या दरजांत सिमेंट नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरातल्या जुन्या दरवाजांच्या डागडुजीचा विषय निघाला, की बोलणे रोषणाई आणि रंगरंगोटीवरच थांबते. भडकल दरवाजा मलिक अंबरने १६१२ साली मुघलांवरील विजयाची खूण म्हणून उभारला. औरंगजेबाचा तट त्यानंतरचा, १६८२ चा. दोन्ही बांधकामे चुन्यातली आहेत आणि दुरुस्तीही चुन्यातच व्हायला हवी.

दरजांत, म्हणजे दगड-विटांमधल्या सांध्यांत, सिमेंट भरले, की भिंतीत मुरलेल्या पावसाच्या पाण्याला तिथून वाट उरत नाही. ते शेजारच्या विटांतून, जुन्या चुन्यातून बाहेर येते आणि सोबत क्षार आणते. पाणी उडून गेल्यावर क्षारांचे खडे आतून रेटा देतात, गिलाव्याचे पोपडे सुटतात. सिमेंटची दरज शाबूत राहते, भोवतीचे बांधकाम मात्र पोकळ होते.

कळीचा चुना पाण्यात विझवून निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा. मग एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड) आणि दोन भाग चाळलेली वाळू. जुनी दरज इंचभर खोल खरवडावी, तीही छिन्नीने; यंत्राच्या चकतीने दगडाच्या कडा उडतात. धुऊन ओल्या केलेल्या दरजेत चुना दाबून भरावा आणि ओले गोणपाट लावून दोन आठवडे पाणी मारावे. उन्हात वरचा थर भराभर सुकतो, आतला कच्चा राहतो आणि बोट लावले तरी भुगा पडतो. म्हणून हे काम दसऱ्यानंतर काढून माघापर्यंत उरकावे.

तटावरचा पिंपळ नुसता छाटला तर पुढच्या पावसात जोमाने फुटतो, उपटला तर दगड घेऊन येतो. बुंधा कापून त्यात भोके पाडावीत, झाड मारायचे औषध भरावे. मुळे पुरती मेल्यावर दगडांवर क्रमांक घालून ते उतरवावेत आणि पुन्हा चुन्यात बसवावेत.

या सगळ्याआधी रस्ता. जुना डांबराचा थर न खरवडता नवा टाकला, की रस्ता चढतो आणि चौकातले पाणी दरवाजाच्या पायाशी साचते. पाया ओला असेल तर वरची दुरुस्ती टिकत नाही.

मूळ दुखणे निविदेत आहे. कामाचा दर चौरस मीटरवर ठरवला आणि मुदत अपुरी ठेवली, की चुन्याच्या घमेल्यात सिमेंट पडणारच. चुना मुरवण्याचे आणि पाणी मारण्याचे दिवस निविदेत वेगळे लिहावेत. चौरस मीटरभर नमुना करून घ्यावा आणि तो मंजूर होईपर्यंत पुढच्या भिंतीला हात लावू देऊ नये.

आपला,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर