शिबिरं होतात, पण फोन केल्यावर प्लेटलेट द्यायला येणारी माणसंही पाहिजेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आमच्याच तालुक्यातल्या एका रक्तदान शिबिराची बातमी आली होती, दिवसभरात पावणेतीनशे बाटल्या जमल्या म्हणून. वाचून खरंच बरं वाटलं, त्यातली एखादी बाटली माझ्यासारख्या कुणाला तरी नक्की लागणार. पण ती बातमी वाचल्यावर, वर्षभर जे कुणाला तरी सांगायचं म्हणतेय ते परत वर आलं, म्हणून हे पत्र. मोठं झालंय, काटछाट केली तरी चालेल पण प्लेटलेटचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचं, तेवढं ठेवा ही विनंती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ४६, मिस्टरांची द्राक्षबाग आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी ताप उतरेना, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, पायांवर बारीक लाल ठिपके उठले, आम्हाला वाटलं डेंग्यू कारण गावात साथच होती. सांगलीत तपासण्या केल्या तर ब्लड कॅन्सर निघाला, एएमएल. मग पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात केमो सुरू झाली. तीन फेऱ्यांत आजार आटोक्यात आला पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तुमच्या प्रकारात नुसत्या केमोवर थांबलो तर हा परत उलटायची शक्यता जास्त आहे, स्टेम सेल ट्रान्सप्लांट करावं लागेल, म्हणजे दुसऱ्याच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी तुमच्यात घालाव्या लागतील.

ट्रान्सप्लांट म्हणलं की सगळ्यांना ऑपरेशनच वाटतं. मलाही वाटलं होतं. भेटायला आलेल्या बायका विचारायच्या टाके किती पडले म्हणून. तर यात कुठंही कापाकापी नसते. आधी भावंडांच्या एचएलए तपासण्या होतात, म्हणजे कुणाच्या पेशी आपल्याशी जुळतात ते बघतात, सख्ख्या भावंडापैकी एकेकाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते. आम्ही चौघं. थोरल्या भावाचं अजिबात जुळलं नाही, बहिणीचं अर्धं जुळलं, धाकट्याचं पूर्ण. तो कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे, त्याला फोन केला तर म्हणाला आक्का कधी येऊ तेवढं सांग. त्याच्या सासूबाई मात्र घाबरल्या होत्या, मणक्यातून काढतात आणि माणूस अधू होतो असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. प्रत्यक्षात त्याला पाच दिवस रोज इंजेक्शन दिलं, त्याने हाडांतल्या पेशी रक्तात उतरतात, कंबर ठणकली तेवढी, गोळी घेतली. मग मशिनवर पाच तास झोपला, एका हातातून रक्त जातंय, पेशी वेगळ्या होतायत, बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत येतंय. संध्याकाळी चहा पिऊन चालत बाहेर पडला आणि आठवड्यात कामावर हजर.

ज्या दिवशी पेशी देतात त्याला तिथं डे झिरो म्हणतात आणि तिथून पुढं दिवस मोजतात, प्लस वन, प्लस टू असं. त्याच्या आधी आठवडाभर एवढी तीव्र केमो देतात की स्वतःचा जुना बोनमॅरो, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगज, पूर्ण बंद पडतो. आणि मग एक गुलाबीसर लाल रंगाची छोटी पिशवी सलाईनसारखी लावली, तासाभरात संपली. मी सिस्टरना म्हणलं झालं एवढंच? त्या म्हणाल्या मॅडम आता खरं सुरू होतंय.

आमच्या डॉक्टरांनी एकदा राउंडला सांगितलं होतं की आपल्या देशात हे पहिल्यांदा जमलं ते १९८३ साली मुंबईत टाटा हॉस्पिटलमध्ये, डॉ. सुरेश अडवाणींनी केलं, पेशंट नऊ वर्षांची मुलगी होती. अडवाणी डॉक्टर स्वतः लहानपणीच्या पोलिओमुळे व्हीलचेअरवर. मी चौथीला शिकवते, नऊ वर्षांची पोरं रोज डोळ्यांसमोर असतात, तेव्हा ती मुलगी माझ्या मनात जी बसली ती बसली. वाईट दिवसांत मी तिचाच विचार करायचे, तिने हे सगळं एवढ्याशा जिवावर कसं सोसलं असेल.

प्लस पाचपासून तोंड आलं. साधं तोंड येणं नव्हे, ओठापासून घशापर्यंत सगळं सोललेलं, थुंकी गिळता येईना, दुखण्याचं औषध सलाईनमधून चालू ठेवावं लागलं. केस तर केमोतच गेले होते. ताप, जुलाब, खोलीला काच, मिस्टर काचेपलीकडून फोनवर बोलायचे. रोज पहाटे पाचला सिस्टर रक्त न्यायच्या आणि दहाच्या सुमारास काउंट कळायचे, पांढऱ्या पेशी १००, प्लेटलेट ९ हजार. चांगल्या माणसाच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतात. १० हजारांच्या खाली गेल्या, आणि ताप असेल तर त्याच्याही आधी, की बाहेरून चढवाव्या लागतात, नाहीतर मेंदूत, डोळ्यांत कुठंही रक्तस्राव होऊ शकतो. आणि चढवलेल्या दोन-तीन दिवसांत संपतात कारण शरीर स्वतःच्या बनवतच नसतं. मला त्या महिन्यात अकरा वेळा लागल्या.

आता मुद्द्याचं सांगते. या प्लेटलेट शिबिरातल्या बाटलीतूनही निघतात पण एका वेळेला चार-सहा जणांच्या एकत्र कराव्या लागतात. म्हणून ट्रान्सप्लांटच्या पेशंटला शक्यतो एसडीपी लागते, म्हणजे एकाच माणसाला मशिनवर बसवून त्याच्या फक्त प्लेटलेट काढायच्या, रक्त त्याला परत. त्याला दीडेक तास लागतो. आणि ही पिशवी फक्त पाच दिवस टिकते. साठवून ठेवताच येत नाही. म्हणजे १४ एप्रिलला किंवा एखाद्या साहेबांच्या वाढदिवसाला कितीही बाटल्या जमल्या तरी ११ मेच्या रात्री मला ज्या लागल्या त्या त्यात असणारच नाहीत, त्या दिवशी जिवंत माणूसच त्या खुर्चीत बसायला लागतो.

आणि मे महिना. ब्लड बँकेतली मॅडम म्हणाली कॉलेजं बंद, ऑफिसवाले गावाला गेलेले, आमचे नेहमीचे दाते फोन उचलत नाहीत, तुम्हीच डोनर आणा. त्यात माझा गट बी पॉझिटिव्ह आणि भावाचा ओ, त्यामुळं रक्त चढवायचं तर ओ गटाचं आणि प्लेटलेट बी किंवा एबी गटाच्या, हे मिस्टरांना प्रत्येकाला फोनवर समजावता समजावता घाम फुटायचा. घरातल्यांचं घेऊ म्हणलं तर तेही नाही, ट्रान्सप्लांटच्या आधी जवळच्या नात्यातल्यांचं रक्त शक्यतो देत नाहीत, शरीर त्या पेशी ओळखून ठेवतं आणि मग डोनरच्या पेशी रुजायला अडचण येते, त्यामुळं केमोच्या वेळेपासूनच आम्हाला बाहेरची माणसं शोधायला लागली होती.

मिस्टरांनी गावातल्या मंडळाला सांगितलं. पोरांनी एका शब्दाने विचारलं नाही, रात्रीत गाडी केली, अकरा जण पहाटे पुण्यात. सगळे बी पॉझिटिव्ह निवडून आणलेले. त्यातल्या सात जणांना परत पाठवलं कारण त्यांनी बारा दिवसांपूर्वीच शिबिरात रक्त दिलं होतं आणि रक्त दिल्यावर २८ दिवस प्लेटलेट देता येत नाहीत. एकाने यात्रेत टॅटू काढलेला, वर्ष झालं नव्हतं. एकाच्या स्वतःच्याच प्लेटलेट कमी निघाल्या. अकरातले दोन चालले. ती पोरं काचेपाशी येऊन हात करून गेली, काहींच्या डोळ्यांत पाणी होतं, आपण एवढ्या लांबून आलो आणि उपयोग झाला नाही म्हणून. चूक त्यांची कुठं होती, त्यांना हा नियम कुणी कधी सांगितलाच नव्हता, आम्हालाही माहीत नव्हता.

त्या दिवसांत ब्लड बँकेच्या बाहेर एकाने मिस्टरांना गाठून पैसे द्या डोनर देतो असंही सांगितलं. पैसे घेऊन रक्त देण्यावर सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने १९९८ पासून बंदी आहे, आणि असं रक्त पेशंटला धोक्याचं असतं. मिस्टरांनी नाही म्हणलं, पण ते नंतर मला म्हणाले की अजून एक रात्र तशी गेली असती तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

११ मेच्या रात्री नाकातून रक्त सुरू झालं, काउंट ६ हजार. कुणीतरी कुठल्यातरी ग्रुपवर मेसेज टाकला, तो फिरत फिरत सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत पोचला. एमपीएससीची तयारी करणारी मुलं मेमध्येही गावाला जात नाहीत, त्यांची परीक्षा असते. नांदेडकडचा एक मुलगा रात्री साडेनऊला सायकलवर आला. त्याच्या तपासण्या, मग मशिन, मग पिशवीच्या तपासण्या, मग त्या पिशवीला रेडिएशन द्यावं लागतं ते, असं सगळं होऊन पहाटे चारला माझ्या खोलीत पिशवी लागली. तोपर्यंत नाकात बोळे घालून मी बसून होते, झोपले तर घशात रक्त उतरायचं. पाच दिवसांनी तो मुलगा परत आला, कुणी बोलवायच्या आधी स्वतःच ब्लड बँकेला फोन करून. नियमात ४८ तासांनी परत देता येतात, आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळा. त्याला मी आजपर्यंत बघितलेलं नाही. फोनवर एकदा बोलले तर तो म्हणाला मॅडम तुम्ही आराम करा, माझा पेपर आहे.

प्लस सतराला पांढऱ्या पेशी वर यायला लागल्या, प्लस एकतीसला घरी सोडलं. घरी म्हणजे पुण्यातच भाड्याच्या खोलीत, शंभर दिवस हॉस्पिटलच्या जवळ राहायचं असतं. मिस्टर माझ्याजवळ होते, बागेची खरड छाटणी दिरांनी काढली. कुकरमध्ये शिजलेलंच खायचं, कच्चं काही नाही, पातळ सालीची फळं नाहीत, म्हणजे द्राक्षवाल्याच्या घरात मला द्राक्ष बंद. हातापायांवर पुरळ उठलं, भावाच्या पेशी माझ्या शरीराशी भांडत होत्या, त्याला जीव्हीएचडी म्हणतात, गोळ्यांनी आटोक्यात आलं. लहानपणीच्या लसी सगळ्या नव्याने घ्याव्या लागतात, माझ्या अजून चालू आहेत. रक्तगट बदलून आता माझाही ओ पॉझिटिव्ह झालाय, शाळेच्या सर्व्हिस बुकात बी लिहिलेलं आहे ते दुरुस्त करायला अर्ज दिलाय. या जूनपासून वर्गावर जायला लागले.

म्हणून मंडळांना, पक्षांच्या कार्यकर्त्यांना, कॉलेजच्या एनएसएसवाल्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की शिबिरं जरूर घ्या, थॅलेसेमियाच्या पोरांना, अपघातवाल्यांना, बाळंतिणींना ती बाटली लागतेच. फक्त शंभर माणसं येणार असतील तर त्यातली वीस मागं ठेवा. त्यांचं रक्त त्या दिवशी घेऊ नका. त्यांचे गट, वजन (५० किलोच्या वर लागतं), शिरा आणि प्लेटलेट काउंट आधीच तपासून घ्या आणि त्यांची यादी जवळच्या ब्लड बँकेत द्या. वर्षात त्यांना कधीतरी एक फोन येईल तेव्हा ते जातील. मे महिना आणि दिवाळीसाठी वेगळी नावं काढा. ब्लड बँकांनीही अशी माणसं सांभाळावीत, पेशंटचा नवरा काचेपाशी थांबेल की डोनर शोधत पळेल?

अजून एक. मला भाऊ होता. माझ्या शेजारच्या खोलीत बाविशीतली एक मुलगी होती, एकुलती एक, तिला घरात कुणीच जुळत नव्हतं. अशांसाठी पेशी द्यायला तयार असणाऱ्या बाहेरच्या माणसांची नोंदणी असते, चेन्नईची दात्री ही संस्था २००९ पासून आहे, मुंबईतही मॅरो डोनर रजिस्ट्री आहे. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, बास. आपल्याकडं लग्नं जातीतल्या जातीत होत आलीत, त्यामुळं आपल्याशी जुळणारा माणूस बहुतेक आपल्याच भागातला असतो, आपल्या भागातल्यांनी नावं घातली नाहीत तर बाहेरून कोण येणार. शिबिराच्या मांडवात या काड्यांसाठी एक टेबल लागेल तेवढंच.

आपल्या पेपरालाही विनंती आहे, शिबिराची बातमी छापताना किती बाटल्या जमल्या त्याबरोबर प्लेटलेटसाठी किती नावं नोंदली तेही छापा. एकदा छापायला लागलात की मंडळं आपोआप विचारतील.

आमच्या गावच्या मंडळाने गेल्या महिन्यात वही घातलीय. ४१ नावं झालीत, बी पॉझिटिव्ह नऊ, एबी तीनच. पुण्यातून परत पाठवलेले ते सातही जण त्यात पहिल्या पानावर आहेत. कुणाला आपल्या गावात अशी वही करायची असेल तर शाळा सुटल्यावर या, रकाने कसे आखायचे ते मी दाखवीन.

आपली,
एक वाचक शिक्षिका
तासगाव तालुका, जि. सांगली