सिंकच्या दारामागची पेन्सिल

मेस्त्री मामा,

आषाढ संपला. कणकुंबीकडं पाऊस धरला की इथं मलप्रभा गढूळ होऊन काठाला लागते, तशी यंदाही लागली. आणि तुम्ही केलेल्या किचनमधलं सिंकखालचं कपाट कोरडं आहे. तळाला अंथरलेलं वर्तमानपत्रसुद्धा फुगलं नाही. म्हणून हे पत्र, आणि उघड्यावर, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुराकडं घर बांधणाऱ्या चार लोकांनी वाचावं.

तुमच्या आधी ज्यांनी हे किचन केलं त्यांचं नाव घेत नाही. शोरूम चकाचक होतं, कॉफीही चांगली होती. पांढराशुभ्र पीयू फिनिश, म्हणजे चकचकीत रंगाचा थर, नदीकडं मोठी काच, मधे आयलंड, म्हणजे सुटा ओटा. आत मात्र पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेली फळी. ही फळी दर्शनी बाजूनं मरत नाही, कापलेल्या कडेनं मरते: सिंकसाठी पाडलेलं भोक, बिजागरीच्या स्क्रूची जागा, जमिनीला टेकलेली खालची धार. तिथं कुणी सील केलंच नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात धार पावासारखी फुगली, बिजागऱ्या तांबरल्या, शटर एकमेकांवर घासायला लागले. बोलावलं तर उत्तर काय, "नदीकाठी असंच होतं." नदी काय परवा आली होती की काय इथं?

तुम्ही आलात आणि टेप काढायच्या आधी भिंतीला तळहात लावलात. मग दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद नदीकडच्या भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टी मारून रात्रभर ठेवलात. सकाळी पाण्याचे थेंब कागदाच्या आतल्या बाजूला. बाहेरच्या बाजूला असते तर तो हवेचा दमटपणा. आतून आले म्हणजे भिंतच ओली. जुना जांभा, त्यावर सिमेंटचा गिलावा, वर ऑइलपेंट. ओल बाहेर पडणार कुठनं? "तीन फुटांपर्यंत गिलावा खरडा, लोणा, म्हणजे वर फुटलेले क्षार, घासून काढा, भिंत वाळू द्या, मग बोलवा," म्हणालात आणि ॲडव्हान्स न घेता निघून गेलात. वाळायला पुरा उन्हाळा गेला. त्या महिन्यांत दुसरं कुणीही येऊन आठ दिवसांत किचन ठोकून गेलं असतं, आणि ओल त्याच्यामागं तशीच राहिली असती.

प्लायवूडच्या बाबतीत तुम्ही शिकवलेलं इथं सांगून टाकतो, कारण 'मरीन', म्हणजे पाण्याला टिकणारं, हे स्टिकर आजकाल कशावरही असतं. स्टिकर बघायचं नाही. शीटवरच छापलेला आयएसआयचा शिक्का, आयएस ७१० हा मरीन प्लायच्या मानकाचा आकडा आणि सीएम/एल, म्हणजे कंपनीच्या परवान्याचा क्रमांक, हे तिन्ही शीट-शीटवर बघायचं. वरचं एक बघून बाकीचा ढीग उतरवून घ्यायचा नाही. मग १८ मिमी प्लायचे कपाटांचे डबे, कापलेल्या प्रत्येक कडेला प्रायमरचे दोन हात, सिंकच्या भोकाला इपॉक्सी. लॅमिनेट बाहेरून १ मिमी, पण आतूनही हवंच, नाहीतर शटर धनुष्यासारखं वाकतं. डबे चार इंची पायांवर, पाठ भिंतीपासून इंचभर सुटी, म्हणजे मागं हवा खेळते. बिजागऱ्या ३०४ स्टीलच्या, सहसा न गंजणाऱ्या.

कट्ट्याला क्वार्ट्झ नको म्हणालात, त्यात राळ असते, गरम कढई ठेवली की डाग पडतो. ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेला खालून, धारेपासून अर्धा इंच आत, एक बारीक खाच मारून घेतलीत. दुकानदार हसला होता. ती खाच नसली तर सांडलेलं पाणी धारेवरून वळून दगडाच्या पोटानं आत जातं आणि शटरच्या वरच्या कडेवर टपकत राहतं. आता ते खाचेशी अडतं आणि फरशीवर पडतं. फरशी पुसता येते. चिमणीचा पाइपही आधीच्यांनी चार इंचांवर आणला होता, म्हणून ती नुसती ओरडायची. तुम्ही पूर्ण सहा इंची घेतलात, एकच बाक ठेवलात आणि तोंड पावसाळी वाऱ्याच्या पाठीला, पूर्वेकडं काढलंत.

पण हे सगळं पैसे मोजून मिळालेलं. न मागता मिळालं ते वेगळंच.

तुम्ही गेल्यावर चार दिवसांनी सिंकचं दार पुरतं उघडलं तेव्हा दिसलं. आतल्या पांढऱ्या लॅमिनेटवर सुतारी पेन्सिलीनं भिंतीचं छोटं चित्र, नळाची जागा, आणि एक आडवी रेघ: 'गरम पाण्याची लाइन. ड्रिल मारू नये.' उंची आधी ११ इंच लिहिलेली, ती खोडून सव्वादहा. पाइप उघडा होता तेव्हा माप कट्ट्याच्या खालच्या कडाप्पा फरशीपासून घेतलेलं. वर ग्रॅनाइट बसला, तेवढा पाऊण इंच आठवणीनं वजा केलात. आणि खाली तेच सगळं पुन्हा कानडीत.

उद्या दुरुस्तीला बैलहोंगलचा कुणी कानडी प्लंबर आला तर त्याला वाचता यावं, एवढाच हिशोब असणार तुमचा. या सीमाभागात पाट्यांवरच्या मराठी-कानडी अक्षरांवरून काय काय झालंय ते तुम्हाला नवीन सांगायला नको. तुम्ही दोन्ही लिप्या एका शटरवर लिहिल्यात, त्याही जिथं कुणी बघणार नाही तिथं, आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. बिलात नाही, बोलण्यातही नाही. आम्ही त्यावर पारदर्शक पट्टी चिकटवली आहे, पुसताना जाऊ नये म्हणून.

बाकी सगळं ठीक. जोराच्या वाऱ्यात चिमणीचा फ्लॅप तेवढा टकटक करतो. घाई नाही. या बाजूला याल तेव्हा बघा, आणि त्याचीही मजुरी घ्यायची की.

तुमचेच,
मलप्रभेकाठच्या घरातले सगळे