इसार देण्याआधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला. भाड्यानं द्यायला तू विकत घेणार आहेस त्या पहिल्या इमारतीबद्दल एवढ्या आनंदानं सांगत होतीस आणि मी 'एक बिऱ्हाड रिकामं पडलं तर?' एवढंच धरून बसले. आज तो विषय काढायचा नाही, असं ठरवून लिहायला घेतलंय.

तुझा तक्ता तीनदा वाचला. विमा, घरपट्टी, डागडुजी, सगळं ओळीनं मांडलंयस. तुझ्या वयात मला घरपट्टीची पावतीसुद्धा वाचता येत नव्हती. पण चारही बिऱ्हाडं बाराही महिने भरलेली धरली आहेस, मनू. भाडं १०० धर. खर्चाला ४० गेले, उरले ६०, हप्ता ५२. कागदावर ८ सुटतात. एक घर रिकामं झालं की भाडं ७५ वर येतं. विमा, घरपट्टी, जिन्यातला दिवा, पंपाची वीज मात्र तेवढीच. उरतात ३५, आणि १७ तुझ्या पगारातून घालायचे. खर्च वजा जाता उरलेलं उत्पन्न हप्त्याच्या साधारण सव्वापट असावं, असं कर्ज देणारेही बघतात. तुझं १.१५ पटच येतंय.

मालकाच्या भाड्याच्या यादीवर विसंबू नकोस. वर्षभराच्या बँकेतल्या नोंदी माग. करार स्वतः वाच, ते कधी संपतात ते बघ. भाडेकरूंच्या अनामती व्यवहारात तुझ्याकडे यायला हव्यात, कारण परत तुलाच करायच्या आहेत. आणि तिघांचे करार एकाच महिन्यात संपत असतील तर... बघ, पुन्हा तिथंच आले. शिकवणी घेतल्यासारखं झालं, रागावू नकोस.

ती रात्र तुला आठवते का? बाबा शिडीवर, तू पायरीवर पेंगत बॅटरी धरलेली. वरच्या खोलीत भिंतीचा रंग फुगला होता. मी बोटानं दाबला तर आतून पाणी मनगटापर्यंत ओघळलं. आदल्याच वर्षी आपण गच्चीचं काम पुढं ढकललं होतं. ते बिऱ्हाड गेलं, खोली पाच महिने रिकामी राहिली. बाबांनी संध्याकाळची नोकरी धरली ती तेव्हा. तुझा सातवा वाढदिवस त्यांच्याशिवाय झाला आणि तू त्यांच्यासाठी मेणबत्ती जपून ठेवलीस. त्या महिन्यांचे आकडे वहीत माझ्याच अक्षरात आहेत. अजून ते पान मी उघडत नाही.

घेऊ नकोस असं नाही म्हणत. तुझ्यात धमक आहे, हिशेबही माझ्यापेक्षा पक्का आहे. सहा महिन्यांचे हप्ते वेगळे काढलेस का, एवढं कळव.

आणि इसार देण्याआधी एकदा मला तिथं घेऊन जा. मालकासमोर एक शब्द बोलणार नाही. फक्त गच्चीखालच्या भिंतींना हात लावून बघेन.

तुझी,
आई